लिनक्सवरच्या लॅपटॉपचा आवाज गेला तर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आपल्या घरांतले कितीतरी लॅपटॉप त्याआधीचे आहेत. कोणी तापकीर गल्लीच्या आसपासच्या दुकानातून वापरलेला घेतला, कोणाला आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या मामूने आपला जुना दिला. यंत्र ठणठणीत असते, फक्त नवे विंडोज त्यावर रीतसर बसत नाही. मग महाविद्यालयात शिकणारा एखादा मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन येतो आणि अर्ध्या-पाऊण तासात त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू बसवून जातो. पैसे लागत नाहीत, आणि चोरीच्या किल्लीने चालवलेल्या सॉफ्टवेअरचा सल मनात राहत नाही. दुसऱ्याची वस्तू परवानगीशिवाय वापरू नये हे आपण मुलांना शिकवतो. त्याच मुलांच्या लॅपटॉपवर बनावट किल्लीचे विंडोज असावे, हे आम्हाला पटत नाही.

लिनक्स बसते, इंटरनेट चालते, मराठी आणि उर्दू अक्षरेही नीट दिसतात. पुढे चार-आठ दिवसांत एक तक्रार हमखास येते. आवाज येत नाही, किंवा येतो पण फार हळू. गेल्या काही महिन्यांत मोमिनपुरा, भवानी पेठ, कोंढवा अशा भागांतल्या पालकांकडून आम्ही हे इतक्यांदा ऐकले की एकदा सविस्तर लिहायचे ठरवले. शाळेत आमचा विषय भाषा आहे, संगणक नव्हे. पण हे काम अभियंत्याचे नाहीच. पाणी कुठे अडले हे बघता येणाऱ्या कोणालाही ते जमते.

पाण्याचेच उदाहरण घेऊ. खडकवासल्याच्या धरणातून पाणी पर्वतीच्या जलकेंद्रात येते, तिथून टाक्यांत, टाकीतून आपल्या इमारतीच्या हौदात, हौदातून गच्चीवरच्या टाकीत आणि मग नळाला. यातला एक कॉक बंद असला तर धरण काठोकाठ भरलेले असूनही आपली बादली कोरडी राहते. कोंढव्यातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. लॅपटॉपच्या आवाजाचीही अशीच वाट असते. तिलावत किंवा व्याख्यान वाजवणारा प्लेअर हा पहिला कॉक. तो ब्राउझरमध्ये चालत असेल तर ब्राउझर हा दुसरा. पुढे सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र करून वाटून देणारी व्यवस्था लागते, तिचे आजचे नाव पाइपवायर. तिच्याखाली अल्सा नावाचा थर आहे, तो प्रत्यक्ष चिपशी बोलतो. मग चिप, आणि शेवटी स्पीकर. प्रत्येक ठिकाणी आवाज कमी-जास्त करायची सोय आहे आणि यांचा गुणाकार होतो. प्लेअर निम्म्यावर, ब्राउझर निम्म्यावर आणि मुख्य आवाज निम्म्यावर असेल तर ढोबळ हिशेबाने हाती आठवा हिस्सा उरतो. स्पीकर बिघडला असे घरात सगळ्यांना वाटते, आणि त्याचा तर काहीच दोष नसतो.

म्हणून तपास नळाकडून धरणाकडे, म्हणजे सोप्याकडून अवघडाकडे करावा. कीबोर्डच्या वरच्या ओळीत स्पीकरवर काट मारलेले बटण असते. बऱ्याच यंत्रांत त्यावर बारीक दिवा असतो, तो लागलेला असेल तर आवाज बंद आहे. घरात लहान मूल असेल तर इथूनच सुरुवात करावी. त्यानंतर ब्राउझरच्या टॅबवर उजवी टिचकी मारून ती साइट म्यूट केलेली नाही ना ते पाहावे. व्हिडिओच्या चौकटीतली आवाजाची पट्टीही पाहावी, कारण ती वेगळी असते आणि मागच्या वेळी ठेवली तशीच राहते.

एवढे करून जमले नाही तर साउंड सेटिंग्ज उघडायचे. मिंटमध्ये खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर उजवी टिचकी मारली की आवाज कुठल्या वाटेने जातो आहे ते दिसते. इथे फार जणांचे कोडे सुटते. आदल्या दिवशी मुलांनी एचडीएमआयची वायर लावून टीव्हीवर काहीतरी पाहिलेले असते. वायर निघते, पण निवड टीव्हीचीच राहते आणि आवाज नसलेल्या टीव्हीकडे जात राहतो. दुसरा नेहमीचा चोर म्हणजे ब्लूटूथ. थोरल्या लेकीचे इअरबड आतल्या खोलीत उघडे पडलेले असतात, लॅपटॉप त्यांना आपणहून जोडून घेतो, आणि बाहेरच्या खोलीत दादीअम्मा म्हणतात की आज काही ऐकूच येत नाही. आउटपुटच्या यादीत अंतर्गत स्पीकरची ओळ निवडली की काम झाले. शेजारीच चाचणीचे बटण असते. ते दाबल्यावर डावीकडून आणि उजवीकडून वेगवेगळा आवाज आला तर यंत्र ठीक आहे, दोष पलीकडे प्लेअरमध्ये किंवा ब्राउझरमध्ये आहे असे समजावे.

या यादीत स्पीकरचे नावच नसेल आणि 'डमी आउटपुट' असे दोन शब्द दिसत असतील तर मामला वेगळा आहे. त्याकडे पुढे येऊ.

आता एक प्रसंग सांगतो. आमच्या ओळखीच्या एक बाई घरी शिवणकाम करतात. मुलगी बारावी सायन्सला, क्लासची फी परवडत नाही म्हणून ध्वनिमुद्रित व्याख्यानांवर तिचा अभ्यास चालतो. चुलत भावाने लॅपटॉप दिला, लिनक्स बसले, महिनाभर सुरळीत चालले आणि एके दिवशी आवाज बंद झाला. दुकानदाराने उघडून पाहिले आणि आवाजाची चिप गेली, बोर्ड बदलावा लागेल असे सांगितले. खर्च ऐकून त्या माउलीने लॅपटॉप भंगारात द्यायचे मनात आणले होते. 'टीचर, परीक्षा तोंडावर आलीय, आता मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर पोरीने आकृत्या कशा बघायच्या?' एवढेच त्या म्हणाल्या. पैशांचा शब्द काढला नाही.

लॅपटॉप पाहिला. पल्स ऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये याच नावाने शोधला की मिळतो. नावात पल्स ऑडिओ असले तरी पाइपवायरवरही तो चालतो. त्यात आउटपुट डिव्हायसेसच्या पानावर पोर्ट नावाची ओळ असते. तिथे हेडफोन लावलेला आहे असे लिहिले होते, आणि भोकात तर काहीच नव्हते. म्हणजे लॅपटॉपची समजूत अशी की कोणीतरी हेडफोनवर ऐकते आहे, तेव्हा स्पीकर बंदच ठेवावा. हेडफोनच्या भोकात एक बारीकशी पट्टी असते, पिन आत गेली की ती हलते आणि त्यावरून यंत्राला कळते. धूळ, कापसाचा धागा, वाकलेली पट्टी यांपैकी काहीही झाले की ती अडकून राहते. शिवणकामाच्या घरात धाग्यांची काय कमतरता! हेडफोनची पिन दहा-पंधरा वेळा हळूच आत-बाहेर केली, पट्टी सुटली, पोर्टची ओळ आपोआप स्पीकरवर आली आणि भौतिकशास्त्राचे सर बोलू लागले.

दुकानदाराच्या नियतीवर आमचा संशय नाही. त्याचा हात विंडोजवर बसलेला, लिनक्सचा पडदा त्याला परका. पण बोर्ड बदलण्याचा सल्ला मिळाला तर अर्धा दिवस थांबून स्वतः पाहावे, एवढे नक्की.

पट्टी सुटली नसती तरी वाट होती. त्याच ओळीत पोर्ट हाताने स्पीकरवर ठेवायचे आणि मग अल्सामिक्सर उघडायचा. नाव अवघड आहे, काम सोपे. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत लहान रोमन अक्षरांत ए, एल, एस, ए, एम, आय, एक्स, ई, आर अशी नऊ अक्षरे सलग टाइप करून एंटर दाबायचे. मशिदीत किंवा जलशात आवाजाचा मिक्सर असतो ना, तशा उभ्या पट्ट्या दिसतात. सुरुवातीला एकच पट्टी दिसली तर एफ ६ दाबून खऱ्या साउंड कार्डाचे नाव निवडायचे, म्हणजे मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम अशा सगळ्या पट्ट्या येतात. डाव्या-उजव्या बाणाने पट्टी निवडायची, वर-खालच्या बाणाने आवाज बदलायचा. पट्टीच्या पायाशी दोन एम दिसले तर ती बंद आहे, एमचेच बटण दाबून ती उघडते आणि तिथे दोन शून्ये येतात. नव्याने बसवलेल्या लिनक्समध्ये मास्टर उघडी आणि स्पीकरची पट्टी बंद, असे अधूनमधून सापडते. वरून सगळे ठीक दिसते, आत कॉक बंद. उजवीकडे जात राहिले की बऱ्याच लॅपटॉपमध्ये ऑटो-म्यूट मोड असे शब्द भेटतात. हेडफोन लागला की स्पीकर आपोआप बंद करणारी सोय ती हीच. भोकाची पट्टी कायमची बिघडली असेल तर बाणाने ती डिसेबल्ड करून ठेवावी. काम झाले की एस्केप दाबून बाहेर पडायचे. लॅपटॉप नेहमीच्या रीतीने बंद केला की ही मांडणी जपली जाते. बटण दाबून धरून बंद करायची सवय असेल तर ती टिकेलच असे नाही.

मुलांना एक गोष्ट बजावून ठेवावी. इंटरनेटवर लिनक्सच्या आवाजाविषयी सल्ल्यांचा ढीग आहे आणि त्यातला मोठा भाग जुना आहे. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला. अल्सा त्या गाभ्याच्या २.६ आवृत्तीबरोबर, २००३ च्या डिसेंबरात सगळ्यांच्या हाती आले. त्यावर पल्स ऑडिओ आले, फेडोराने ते २००७ मध्ये आणि उबुंटूने २००८ मध्ये स्वीकारले. रेड हॅट कंपनीतले विम टायमन्स यांनी पाइपवायर रचले. ते फेडोरात २०२१ मध्ये, उबुंटूत २०२२ मध्ये आणि लिनक्स मिंटमध्ये २०२४ च्या २२ व्या आवृत्तीपासून आवाजाचे काम पाहू लागले. म्हणजे २०१२ साली कोणीतरी दिलेला सल्ला आजच्या लॅपटॉपला लागू पडेलच असे नाही. 'पल्स ऑडिओ पूर्ण काढून टाका आणि परत बसवा' हा सल्ला तर सर्रास दिसतो. तो डोळे मिटून पाळला तर पॅकेज काढताना त्याच्यावर टेकलेले बाकीचेही निघून जाते, कधी कधी सगळा डेस्कटॉपच, आणि मग आवाजाबरोबर पडदाही जातो. काही काढण्याआधी टर्मिनल काय काय काढणार त्याची यादी दाखवते. ती वाचल्याशिवाय होय म्हणू नये. बहुतेक वेळा लॅपटॉप पुन्हा सुरू केला तरी आवाजाची व्यवस्था नव्याने उभी राहते, आणि पुष्कळांचे काम तेवढ्यात होते.

आता डमी आउटपुट. याचा अर्थ लिनक्सला साउंड कार्ड दिसतच नाही, म्हणून त्याने एक खोटा नळ उभा केला आहे. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आधी विंडोजमधली फास्ट स्टार्टअप ही सोय बंद करावी. तिच्यामुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि चिप कधी कधी भलत्याच अवस्थेत लिनक्सच्या हाती येते. एकदा लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, सुरू करायचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे आणि मग चालू करावा. अलीकडच्या इंटेलच्या कित्येक लॅपटॉपमध्ये आवाजासाठी वेगळा लहान प्रोसेसर असतो, त्याला साउंड ओपन फर्मवेअर नावाचे पॅकेज लागते. ते नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून बसवता येते. यंत्र अगदी नवे असेल तर लिनक्सचा गाभाही नवा लागतो. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये व्ह्यूच्या यादीत लिनक्स कर्नल्स नावाची ओळ आहे, तिथून नवी आवृत्ती घेता येते आणि नाही जमली तर सुरू होताना जुनी निवडता येते.

खरा दोष यंत्रात की सॉफ्टवेअरमध्ये, हे ठरवायची आमच्या मते सर्वांत उपयोगी चाचणी पेन ड्राइव्हची आहे. मिंट किंवा उबुंटू पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, लॅपटॉपमधल्या कशालाही हात लागत नाही. तसे चालवल्यावर आवाज आला तर चिप आणि स्पीकर दोन्ही ठीक आहेत, बिघाड बसवलेल्या प्रणालीत आहे. लॅपटॉप विकत घेतानाही हीच चाचणी दुकानात उभ्या उभ्या करून घ्यावी, पैसे देण्याआधी. पेन ड्राइव्हवरही आवाज आला नाही पण हेडफोनमध्ये आला, तर स्पीकर किंवा त्याची वायर पाहावी लागेल. हेडफोनमध्येही नाही आणि विंडोजवरही नाही, तर खरोखर चिपवर संशय घ्यावा. तरीही बोर्ड बदलायची घाई नको. पेन ड्राइव्हएवढे यूएसबी साउंड कार्ड काही शे रुपयांत मिळते, लिनक्स त्याला बहुधा लावताक्षणी ओळखते, आणि साध्या स्पीकरवर किंवा हेडफोनवर पुढची काही वर्षे निघतात.

आवाज येतो, पण पुरत नाही

ही तक्रार वेगळी आणि तिची कारणेही वेगळी. लॅपटॉपचे स्पीकर नखाएवढे असतात. विंडोजबरोबर कंपनीने दिलेले सॉफ्टवेअर आवाजाला फुगवून भारदस्त करते. लिनक्सवर ते नसते, म्हणून तोच लॅपटॉप मिळमिळीत वाटतो. उबुंटूच्या साउंड सेटिंग्जमध्ये ओव्हर-अँप्लिफिकेशन नावाची कळ आहे, ती चालू केली की पट्टी शंभर टक्क्यांच्या पुढे जाते. मिंटमध्ये कमाल आवाजाची पट्टी दीडशे टक्क्यांपर्यंत नेता येते. व्हीएलसी प्लेअर मुळातच १२५ टक्के देतो. पण जलशात वक्ता जोरात बोलला आणि अँप्लिफायरही चढवलेला असला की आवाज कसा फाटतो ते आपण ऐकले आहे. इथेही तेच होते. मुळात हळू ध्वनिमुद्रित झालेल्या व्याख्यानाला वाढवलेला आवाज मानवतो. एखाद्या कारी साहेबांच्या चांगल्या ध्वनिमुद्रणाला तो मानवत नाही, वरच्या पट्टीतल्या जागा कर्कश होतात. त्यासाठी इझी इफेक्ट्स नावाचा मोफत प्रोग्राम बरा, त्यात आवाज न फाडता समतोल करता येतो.

हेडफोनवर मात्र शंभरच्या पुढे जाऊच देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. तोच ९० डेसिबल झाला की मुदत आठवड्याला अवघी ४ तास उरते. दहा डेसिबल म्हणजे कानाला साधारण दुप्पट वाटणारा आवाज, पण ऊर्जा दहापट. रोज तीन-चार तास व्याख्याने ऐकणारी मुले या हिशेबात सहज सापडतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांची तक्रार थोडी निराळी असते. त्यांना आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. वयाबरोबर आधी बारीक, उंच स्वरांची श्रवणशक्ती जाते आणि स, श, फ, त अशी व्यंजने पुसट होतात. अशा वेळी लॅपटॉपचा आवाज कितीही चढवला तरी गोंगाट वाढतो, शब्द तसेच राहतात. दादा-दादी, नाना-नानी सारखे 'मोठा कर' म्हणत असतील तर लॅपटॉपऐवजी कान तपासून घ्यावेत. पुण्यात ससून रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था केवळ वाचा आणि श्रवण यांवर काम करते. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना श्रवणयंत्रासाठी मदत मिळते.

तजवीदचा वर्ग आणि ब्लूटूथ

हा भाग आमच्या जवळचा, म्हणून थोडे रेंगाळतो. टाळेबंदीपासून पुष्कळ घरांतली मुले नाजरा आणि तजवीद ऑनलाइन शिकतात. गणिताच्या वर्गात आवाज थोडा खराब असला तरी भागते. तजवीदमध्ये आवाज हाच धडा. से, सीन आणि साद ही तीन अक्षरे उर्दू बोलताना आपण सारखीच उच्चारतो, तिलावतीत मात्र प्रत्येकाचा उच्चार वेगळा. मुलाने से म्हटले की सीन, हे उस्तादांना ऐकू यायला हवे, आणि उस्तादांचे मुलाला.

ब्लूटूथ हेडफोनचे दोन अवतार असतात. नुसते ऐकायचे असते तेव्हा तो उत्तम प्रतीचा आवाज देतो. पण वर्ग सुरू झाला आणि त्याचाच माइक वापरायची वेळ आली की तो हँड्सफ्री रूपात जातो आणि आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. जुन्या पद्धतीत सेकंदाला आठ हजार नमुने घेतले जातात, त्यामुळे चार हजार हर्ट्झच्या वरचे सगळे कापले जाते. सीन आणि से यांच्या सुसकाऱ्यातला फरक मुख्यतः त्याच्याच वर असतो. सादची ओळख पुढच्या स्वराच्या भारीपणावरून थोडीफार पटते, से आणि सीनची पटत नाही. टेलिफोनवर नाव सांगताना 'स' आणि 'फ' यांचा घोटाळा होतो, त्याचे कारण हेच. नव्या हेडफोनमध्ये नमुने सोळा हजार असतात, ते बरे, पण पूर्ण नाही. मुलाला वारंवार 'नीट म्हण' असे ऐकावे लागते, ते हिरमुसते, आणि दोष असतो त्या हेडफोनच्या अवताराचा.

उपाय एका मिनिटाचा आहे. वर सांगितलेल्या व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये इनपुटच्या पानावर हेडफोनचा माइक सोडून लॅपटॉपचा अंतर्गत माइक निवडायचा आणि कॉन्फिगरेशनच्या पानावर हेडफोन हाय फिडेलिटी प्लेबॅकवर ठेवायचा. मग ऐकायला चांगला आवाज राहतो आणि बोलणे लॅपटॉप उचलतो. त्याहून सोपा आणि स्वस्त इलाज म्हणजे वायरचा इअरफोन. तो लावल्यावर उबुंटू कधी विचारते की हा हेडफोन आहे की माइकसह हेडसेट. तिथे हेडसेट निवडावे, नाहीतर माइक मुका राहतो. माइकची पट्टी मात्र टोकापर्यंत नेऊ नये. अल्सामिक्सरमध्ये माइक बूस्ट नावाची जी पट्टी असते ती पूर्ण चढवली की पंख्याची घरघर आणि रस्त्यावरच्या रिक्षाही वर्गात हजर होतात.

आणखी एक. वर्ग चालवणारे प्रोग्राम गोंगाट गाळतात. सलग चाललेला एकसुरी आवाज त्यांना पंख्यासारखा वाटतो आणि ते तो दाबू पाहतात. आता मद्द आणि गुन्ना म्हणजे लांबवलेला आवाजच. कारी साहेब चार-पाच हरकतींपर्यंत ओढतात आणि मुलाला मध्येच आवाज बुडाल्यासारखा होतो. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये मूळ आवाज ठेवण्याची सोय आहे. तिच्या नावात संगीतकारांचा उल्लेख आहे म्हणून कोणी बिचकू नये, तजवीदच्या उस्तादांना ती तितकीच कामाची आहे. ती उस्तादांच्या बाजूने चालू हवी, आणि मूल म्हणून दाखवते तेव्हा मुलाच्याही बाजूने.

ज्यांच्यासाठी आवाज हाच पडदा

आपल्यातच अशीही मुले-मुली आहेत ज्यांना दिसत नाही आणि जी लॅपटॉप ऐकून चालवतात. लिनक्सवर ऑर्का नावाचा वाचक मोफत असतो. उबुंटूमध्ये ऑल्ट, विंडोजचे बटण आणि एस एकत्र दाबले की तो बोलू लागतो. त्याला आवाज पुरवणारे ईस्पीक मराठीही बोलते आणि उर्दूही. उच्चार यांत्रिक आहेत, कानाला बसायला आठवडा लागतो. अशा मुलाच्या लॅपटॉपचा आवाज गेला म्हणजे डोळस मुलाच्या लॅपटॉपचा पडदा काळा पडल्यासारखे आहे. वर सांगितलेला एकही उपाय त्याला स्वतःला करता येत नाही, कारण कुठे काय निवडले आहे ते सांगणारा आवाजच नाही. म्हणून अशा घरी एक यूएसबी साउंड कार्ड कायम जवळ ठेवावे आणि घरातल्या एका तरी माणसाने आउटपुट बदलणे शिकून घ्यावे. ब्लूटूथ तर त्याच्या लॅपटॉपवर बंदच ठेवलेले बरे. भावाच्या इअरबडकडे आवाज पळाला की त्याचा सगळा दिवस अडतो.

केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षांपासून लिनक्सवरच संगणक शिकवला जातो. तिथल्या शिक्षकांना या गोष्टी खडू-फळ्याइतक्या ओळखीच्या आहेत. आपल्याकडे शाळेच्या पातळीवर तसे काही नसले तरी पुण्यात विचारायला माणसे आहेत. पुणे लिनक्स युजर्स ग्रुप, म्हणजे प्लग, हा हौशी मंडळींचा जुना गट आहे, आणि तिथे नवख्याला कोणी हसत नाही. मात्र मदत मागताना 'आवाज येत नाही' एवढेच सांगून कोणाला काही करता येत नाही. लॅपटॉपचे मॉडेल, लिनक्सचे नाव आणि आवृत्ती, आउटपुटच्या यादीत काय दिसते, हेडफोनमध्ये आवाज येतो का, पेन ड्राइव्हवरून चालवल्यावर येतो का, ही पाच उत्तरे वहीच्या पानावर लिहून न्यावीत. मिंटमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन (आधीचे नाव सिस्टिम रिपोर्ट्स) नावाच्या प्रोग्राममध्ये यंत्राची सगळी माहिती तयार मिळते, ती जशीच्या तशी पाठवता येते.